नाताळची भाजी : उलटे मोजायला शिकू या



आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. नाताळ अजून आठ आठवडे दूर आहे. फादरांना आत्ताच नाताळ कसा आठवला, असे कोणी म्हणेल. मागच्या वर्षी तो आम्हाला वेळेवर आठवला नाही, म्हणून यंदा लवकर आठवला आहे.

मागच्या वर्षी आमच्या युवक-युवतींनी ठरवले की, धर्मग्रामातली जी माणसे अंथरुणाला खिळून आहेत, ज्यांच्याकडे आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन घरी जातो, त्या बत्तीस घरी नाताळच्या आदल्या दिवशी ताज्या भाजीची एकेक पिशवी द्यायची. भाजी विकतची नको, आपण स्वतः पिकवलेली हवी. आम्हीही उत्साहाने होकार दिला आणि एका रविवारी वेदीवरून तसे जाहीरही केले. सभागृहाच्या मागची जागा साफ केली. १८ नोव्हेंबरला मेथी, मुळा, पालक, कोथिंबीर असे सगळे एकाच सकाळी पेरून टाकले. मुलांनी फोटो काढले. २४ डिसेंबरला वाफ्यात उतरलो तेव्हा मुळा पेन्सिलीएवढा होता, कोथिंबीर बोटभर, पालकाला चार-चार पाने आणि मेथी उंच पण दोऱ्यासारखी बारीक. बत्तीस पिशव्या सोडा, तीनही भरल्या नसत्या. शेवटी बाजारातून भाजी आणून पिशव्या भरल्या आणि काही न बोलता वाटल्या.

आमच्या धर्मग्रामात एक आजी आहेत. चाळीस वर्षे त्यांनी आपल्या वाडीची भाजी पाटीत घालून पहाटेच्या लोकलने मुंबईला नेऊन विकली. आता गुडघे गेले, घराबाहेर पडणे होत नाही. त्यांनी पिशवीतली मेथीची जुडी काढली, देठ मोडून पाहिला आणि विचारले, "फादर, ही विकतची ना?" आम्ही हो म्हटले आणि झाला प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "नाताळ पंचवीस डिसेंबरला येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढे जानेवारीत दोन-तीन दुपारी त्यांच्या ओटीवर बसून आम्ही जे शिकलो, ते आज या पानावर मांडत आहोत. त्यात जी भर घातली ती आमच्या वाचनाची आणि वर्षभराच्या चुकांची.

आजींचा पहिला धडा असा : भाजी पेरायची तारीख आजपासून पुढे मोजायची नाही, कापायच्या दिवसापासून मागे मोजायची. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही पाठ केला होता. साध्य हे मनात सर्वांत आधी असते आणि कृतीत सर्वांत शेवटी येते. परीक्षेत त्यावर पानभर लिहून बरे गुणही मिळवले होते. त्याचा अर्थ पेन्सिलीएवढा मुळा हातात आल्यावर कळला! आजी अक्वायनस वाचलेल्या नाहीत. त्या बोटांवर सण मोजतात. जुने शेतकरी हस्त, चित्रा, स्वाती अशी नक्षत्रे धरून चालतात, काहीजण दसऱ्याला बी टाकतात. दसरा-दिवाळी वर्षावर्षाला मागेपुढे सरकतात, नाताळ सरकत नाही. म्हणून आपली भाजी आपल्याच सणांवर मोजलेली बरी, असे त्यांचे म्हणणे.

तर मागे मोजू या. कापणी २४ डिसेंबरला. वांगी, टोमॅटो, कोबी यांचे बी आधी गादीवाफ्यावर टाकावे लागते. रोप महिनाभराचे झाले की लावणी, आणि लावणीनंतर पहिले फळ किंवा गड्डा हाती यायला आणखी दोन ते अडीच महिने. म्हणजे शंभर दिवस धरावेच लागतात. शंभर दिवस मागे गेले की सप्टेंबरचा मध्य येतो, आणि थोडी सवड ठेवली तर ८ सप्टेंबर, पवित्र मरियेच्या जन्माचा सण. तेव्हा पाऊस चालू असतो, म्हणून गादीवाफा उंच हवा आणि वर आडोसा हवा. ज्यांनी हे केले त्यांची वांगी आता वाढीला लागली असतील. ज्यांनी केले नाही, त्यांनी यंदा नाताळसाठी तरी त्यांचा नाद सोडावा. आम्हीही सोडला आहे.

पण उशीर झाला म्हणजे सगळेच हुकले, असे नाही. प्रत्येक भाजीची स्वतःची शेवटची तारीख असते, आणि बऱ्याच भाज्यांची अजून उलटलेली नाही. या आठवड्यात फरसबी टोकता येईल. बुटक्या जातीला शेंग धरायला पन्नास ते साठ दिवस लागतात, म्हणजे अगदी काठावर. नवलकोलाची तयार रोपे मिळाली तर तीही याच आठवड्यात लावावीत. कोथिंबीर सर्व संतांच्या सणाला किंवा फार तर मृतांच्या दिनी, २ नोव्हेंबरला. मुळा आणि पातीसाठी लहान कांदे त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत. पालक ११ नोव्हेंबरपर्यंत चालेल. लाल माठ त्याच सुमारास टाकावा. तो उन्हाळ्यात पंचवीस दिवसांत येतो, पण त्याला थंडी आवडत नाही. मेथी ख्रिस्तराजाच्या सणाच्या रविवारी. आणि जो अगदीच झोपून राहिला, त्याच्यासाठी समुद्रमेथी आहे. रेतीत दाट पेरायची, वीतभरही वाढू द्यायची नाही, मुळांसकट उपटायची. पंधरा-वीस दिवसांत होते. ती ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला पेरावी. ८ डिसेंबरला पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या सणाला पेरली तरी थोडीफार हाती लागेल. आपली किनाऱ्याकडची रेताड जमीन तिच्यासाठीच आहे म्हणा ना.

बियाण्याच्या पाकिटावर दिवस लिहिलेले असतात.  त्यांत आम्ही प्रत्येकी एक आठवडा वाढवून वरच्या तारखा दिल्या आहेत. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरअखेर तो अकरा तासांवर येतो. रात्रीही गार होतात. रोप सावकाश वाढते. हा थंडीचा आठवडा हिशेबात न धरणे ही आमची मागच्या वर्षीची दुसरी चूक.

तिसरी चूक आजींना घरबसल्या ओळखता आली. त्यांनी विचारले, "वाफे सभागृहाच्या कुठल्या अंगाला?" आम्ही म्हटले, उत्तरेला. त्या म्हणाल्या, "मग झालं." आम्हाला काहीच कळले नाही. नंतर कागदावर आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. आपली वसई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेएकोणीस अंशांवर आहे. जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, त्या वेळी सभागृहामागे भरपूर ऊन. सप्टेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेकडे कलतो, तरी बारा मीटर उंच इमारतीची भर दुपारची सावली चार-पाच मीटरच पडते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तीच सावली अकरा मीटरांवर जाते, म्हणजे जवळजवळ इमारतीच्या उंचीइतकी. आम्ही पावसाळ्यानंतर लखलखीत ऊन पाहून जागा निवडली आणि रोपे मोठी होईपर्यंत सावली त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेली. मेथी उंच आणि दोऱ्यासारखी का झाली, त्याचे हे उत्तर. ती उन्हाच्या शोधात वर गेली.

हे आम्ही जरा विस्ताराने लिहिले, कारण आज आपल्या गावांत हा प्रश्न घरोघरचा आहे. वाडीच्या दक्षिणेला चार मजली इमारत उभी राहिली की उत्तरेकडच्या वाडीचा हिवाळा गेला. उन्हाळी भाजी येते, पावसाळी येते, हिवाळी येत नाही. माणसे म्हणतात, जमिनीचा कस गेला. कस जमिनीत असतो, ऊन वरून येते. ज्यांच्याकडे जागा निवडण्याची सोय आहे त्यांनी आजच दुपारी बारा-साडेबाराला इमारतीची सावली कुठवर येते तिथे एक काठी रोवावी आणि इमारतीपासून त्या काठीच्या दुप्पट अंतर सोडून वाफा करावा. पालेभाजीला चार-पाच तासांचे ऊन पुरते. शेंग आणि फळ हवे असेल तर सहा तासांच्या खाली भागत नाही. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांना हा त्रास कमी. तिथे कठडा किती उंच आहे एवढे पाहावे.

आता मातीचे काम. पावसाने दबलेली माती कुदळीने वीतभर खोल उकरून आठवडाभर उन्हात तापू द्यावी. मग चांगले कुजलेले शेणखत, एका चौरस मीटरला दोन ते अडीच किलो. कुजलेले हा शब्द महत्त्वाचा. ताजे शेण घातले की मुळ्याला फाटे फुटतात. ढेकळे फोडून वाफा तीन फूट रुंद ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि पाय आत पडत नाही.

धणे तसेच पेरू नयेत. एका धण्यात दोन बिया असतात. तो पाटीवर चपलेने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात. तरीही उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. दहाव्या दिवशी निराश होऊन वाफा उकरू नये. हे आम्ही स्वतः केले आहे. ऑक्टोबरचे ऊन माती भाजून काढते, म्हणून उगवेपर्यंत वाफ्यावर भाताचा पेंढा पसरावा; कापणी चालू आहे, पेंढा हवा तेवढा मिळेल. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पेंढा उचलावा, नाहीतर रोपे वाकडी होतात. पाणी झारीनेच, आणि सकाळी. थंडीत संध्याकाळी पाने ओली राहिली की रोग पडतो.

मुळ्याची विरळणी ही मन घट्ट करून करायची गोष्ट. उगवलेले सगळे ठेवावे असे वाटते. चार बोटांवर एक रोप ठेवून बाकीची उपटावीत. उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, त्यामुळे पाप लागत नाही. आणि मुळा तयार झाला की नाताळची वाट पाहत जमिनीत फार दिवस ठेवू नये, आत जाळी पडते. म्हणूनच तो सर्वांत आधी पेरण्यातही अर्थ नाही.

विहिरीच्या पाण्याबद्दलही दोन शब्द. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातात. पावसानंतर लगेच त्यांचे पाणी सर्वांत गोड असते. म्हणजे हेच दोन-तीन महिने आपले. पाण्याला थोडा मचूळपणा असेल तर पालक आणि बीट ते सोसतात. फरसबी, गाजर, कांदा आणि मुळा सोसत नाहीत. आजींच्या आठवणीत वाडीच्या टोकाला बावखल होते, त्यात पावसाचे पाणी साठे आणि जवळची विहीर गोड राही. आता तिथे भराव आहे.

पावसाचे मात्र कोणी सांगू शकत नाही. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० साली २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब नऊ दिवसांनी तरी बदलला. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला, डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत धो-धो पडला. अशा पावसात कोवळी मेथी झोपते ती उठत नाही. म्हणून सगळे बी एका दिवशी टाकू नये. मेथीचे तीन भाग करावेत, आठवड्याच्या अंतराने पेरावेत. एक भाग गेला तरी दोन राहतात. आणि पावसानंतर ढगाळ हवा राहिली की मावा येतो. पहिल्या दिवशीच पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला तर बराच धुऊन जातो. पुढे निंबोळी अर्क आहेच. नाताळच्या आठवड्यात दुसरे कसलेही औषध मारू नये. आजारी माणसे ती भाजी खाणार आहेत.

वाल नाताळला येणार नाही, हेही सांगून ठेवतो, कारण दोघा-तिघांनी विचारले. भात कापल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर टाकलेला वाल शंभर-एक दिवस घेतो. तो प्रायश्चित्त काळात कामाला येईल, आणि तेव्हा त्याची खरी गरजही असते.

यंदा सभागृहामागे आम्ही काही पेरणार नाही. आजींची वाडी दोन वर्षे पडीक आहे. मुलगे नोकरीवाले, एक परदेशी, एक रोज सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाडी विकण्याची बोलणी घरात चालू आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तो त्या कुटुंबाचा प्रश्न आहे. पण ऑगस्टमध्ये आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "विकायची की ठेवायची ते पोरं ठरवतील, फादर. पण मी आहे तोवर नाताळला माझ्या वाफ्यांत माती उघडी दिसू नये." मग थोड्या वेळाने, "सहा वाफे घ्या. पण मी सांगेन तेव्हाच पेरायचं." मुलांनी हरकत घेतली नाही. धाकट्याने रविवारी कुदळ मारायला स्वतः येण्याचे कबूल केले आहे.

दक्षिणेला तिथे अजून इमारत नाही. पुढच्या नाताळला असेल की नसेल, आम्हाला माहीत नाही.

तेव्हा काम असे ठरले आहे. येत्या शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर साडेसातला आजींच्या वाडीत जमायचे. ज्यांच्याकडे कुदळ, फावडे, खुरपे असेल त्यांनी घेऊन यावे. शेणखत आणि पेंढा आणून ठेवला आहे. कोथिंबिरीचे दोन वाफे आणि मुळ्याचा एक त्याच दिवशी पेरू. सर्व संतांच्या सणापासून आपण फार दूर नसू. एक वाफा पालकाला, दोन मेथीला राखून ठेवायचे. आजी ओटीवर खुर्ची टाकून बसणार आहेत आणि त्यांची नजर अजून चांगली आहे, हे युवकांनी लक्षात घ्यावे. झारी मारण्यासाठी प्रत्येक दिवसाला दोन नावे हवीत. यादी वाचनालयाच्या दारावर लावली आहे. गेल्या वर्षी या यादीत पहिल्या आठवड्याला अठरा नावे होती आणि शेवटच्या आठवड्याला तीन. शेवटच्या आठवड्यापासून नावे लिहायला सुरुवात करावी, ही विनंती.

कापणी २३ तारखेला संध्याकाळी मेथी-माठाची आणि २४ ला पहाटे बाकीची. मेथी मुळांसकट उपटून मुळे पाण्यात बुडवून ठेवली की रात्रभर टवटवीत राहते. पिशव्या यंदा चौतीस आहेत. दोन घरे वाढली.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांसाठी एक वेगळे काम आहे. गव्हाणीतल्या हिरवळीसाठी गहू किंवा नाचणी १२ डिसेंबरला रात्री भिजत घालावी, दुसऱ्या दिवशी पसरट डब्यात दोन बोटे मातीवर दाट पेरावी, रोज थोडे पाणी द्यावे. दहा-अकरा दिवसांत बोटाएवढे होते. मागच्या वर्षी एका मुलीने १ डिसेंबरलाच पेरले. नाताळपर्यंत गवत मेंढरांपेक्षा उंच झाले आणि मेंढपाळ त्यात दिसेनासे झाले. तिने यंदा तारीख विचारून घेतली आहे.